भाविकाच्या नावाची मूठ

हर्षालीने होस्टेल निवडलं ते चपला बघून.

हसायचं असेल तर हसा. कॉलेज बदलून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलीने खोली बघताना पंखा बघावा, पाणी किती वेळ टिकतं ते विचारावं, कडी नीट बसते का ते पाहावं. तिच्याबरोबर आलेले तिचे वडील, झुलाल आबा, हे सगळं रीतसर करत होते. जळगावच्या बाहेर, महामार्गाला लागून असलेल्या त्या कॉलेजच्या नव्या इमारतीत त्यांनी प्रत्येक नळ सोडून बघितला, बंद केला, पुन्हा सोडला. दोघींना एक खोली, आतच न्हाणीघर, गरम पाणी, दाराला वर-खाली दोन कड्या. आबा खूश झाले. म्हणाले, "आठेच ऱ्हाय. दार लाई लिधं का कोन्ही कटकट नई."

आणि हर्षालीला नेमकी ती कटकटच हवी होती.

पहिलं वर्ष तिने धुळ्याला काढलं होतं, देवपुरात, एका बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत. दार लावलं की कटकट नव्हती. कॉलेजात सगळ्यांच्या शाळेपासूनच्या टोळ्या ठरलेल्या. ही शिंदखेड्याकडच्या खेड्यातून आलेली, बोलायला आधीच बिचकणारी, आणि एकदा का पहिले आठवडे हातचे गेले की मग कोण कुणाला जागा देतं? डबा गच्चीच्या जिन्यात ठेवून जाणारा माणूस ‘डबा’ एवढंच ओरडायचा, आणि ही ‘हो’ म्हणायची. काही दिवस तेवढंच बोलणं. दिवाळीला घरी गेली तेव्हा आवाज घोगरा झाला होता. आईला वाटलं सर्दी झाली. सर्दी नव्हती, वापर नव्हता. त्या वर्षात ती इतकी एकटी पडली होती की रस्त्यात कोणी पत्ता विचारला तरी तिला बरं वाटायचं. म्हणून तिने कॉलेज बदललं. घरी सांगितलं की जळगावला प्रयोगशाळा चांगली आहे. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. माणसं पाहिजेत म्हणून कोणी कॉलेज बदलतं का?

नव्या इमारतीतली सगळी दारं बंद होती. त्याच्या मागे जुनं होस्टेल होतं. बैठं, पत्र्याचं, लांबच लांब ओसरी आणि ओळीने खोल्या. न्हाणीघरं टोकाला, सगळ्यांना मिळून. आबा ओसरीवर पाय ठेवायलाही तयार नव्हते. पण शेवटच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला होता, लग्नघराबाहेर पडावा तसा, आणि आतून हसण्याचा नुसता गलका. त्या खोलीत राहणाऱ्या मुली असतील दोन-तीन, पण चपला अख्ख्या ओळीच्या होत्या.

"मला ही हवी," हर्षाली म्हणाली.

रेक्टर मॅडमनी किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. "तिथे एक कॉट रिकामी आहे खरी. पण त्या दोघी कोणाला टिकू देत नाहीत. मागच्या सहामाहीत दोन मुली पाठवल्या, दोघी आठवड्यात परत आल्या."

ऐकावं जनाचं, करावं मनाचं. हर्षाली आत गेली.

आत गलका एकदम थांबला. बाकीच्या मुली उठून निघून गेल्या आणि खोलीच्या दोघी राहिल्या. सारिका उंच, हडकुळी, चोपड्याची. कोणी काही विचारलं तर उत्तर तिने द्यायचं, असं ठरलेलं दिसत होतं. डिंपल रावेरची, गोलमटोल, केळीच्या बागाईतदाराची मुलगी, सारखी काहीतरी चघळत असलेली. दोघींच्या कॉट भिंतींना होत्या. तिसरी खिडकीखाली. तिच्यावर गादी होती, धुतलेली चादर होती, उशी होती. रिकाम्या कॉटवर कोणी इतकी नीट चादर घालत नाही, हे तिच्या ध्यानात आलं, पण तिने ते मनात ठेवून दिलं.

सारिकाने नाव विचारलं नाही. गाव विचारलं. मग म्हणाली, "घरी कानबाई बसते?"

"बसते," हर्षाली म्हणाली. खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, पुष्कळ घरांत कानबाई देवी बसते. यात विचारण्यासारखं काय?

सारिकाने डिंपलकडे बघितलं. डिंपलने चघळणं थांबवलं.

"मग चालेल," सारिका म्हणाली. "खिडकीखालची कॉट तुझी."

आबा कुरकुरत निघून गेले. बस सुटेपर्यंत ते नव्या इमारतीच्या नळांविषयीच बोलत होते.

आणि मग काय सांगावं! हर्षालीचं नशीब असं फळफळलं की तिचा तिलाच विश्वास बसेना. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण इथे नऊचे अठरा झाले तरी नवलाई ओसरली नाही. सकाळी सारिका तिला पुढ्यात बसवून वेणी घालायची, एक नाही, दोन, घट्ट. मेसमध्ये डिंपल आपल्या डाव्या हाताची जागा धरून ठेवायची आणि दुसरी कोणी बसायला आली की तिला उठवायची. संध्याकाळी अख्खी ओळ त्यांच्या खोलीत जमायची, शेव-मुरमुऱ्यात कांदा कापून घातला जायचा, आणि हर्षाली मध्ये बसलेली, कोणाचा पाय हिच्या मांडीवर, कोणाची कोपरं हिच्या पाठीला. धुळ्याच्या गच्चीवर ती ज्याच्यासाठी झुरली होती ते सगळं पदरात पडलं, आणि तेही न मागता.

न मागता, हीच तर गोम होती.

तिला चहा गोड लागायचा. इथे पहिल्या दिवसापासून फिका मिळाला. "तुला साखर कमी लागते ना," डिंपल म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. हर्षालीने फिका पिऊन टाकला. तिला दोन वेण्या शाळेनंतर कधी आवडल्या नव्हत्या. घालून घेतल्या. दारामागच्या खुंट्यांपैकी मधली तिची, असं सारिकाने दाखवलं. त्या खुंटीला आधीच एक हिरवी ओढणी होती. "असू दे ती," सारिका म्हणाली. "घे वाटलं तर." एकदा ओसरीतून कोणीतरी ‘भावे’ अशी हाक मारली, आणि हर्षाली ‘ओ’ देऊन बसली. आपलं नाव ते नाही हे तिला नंतर आठवलं. हाक मारणारी मुलगी ओसरीत थिजून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

गरजवंताला अक्कल नसते. हर्षालीने त्या मुलीलाही कारण विचारलं नाही.

मग दुपारचं ते सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी जेवून ती कॉटवर कलंडायची. पत्रा तापलेला, पंखा गरम हवा ढवळतोय, बाहेर महामार्गावरून ट्रक जातायत. डोळा लागता लागता कॉटवर कोणीतरी सरकायचं. म्हणजे अंगावर येणं नाही, ओढणं नाही, घाबरवणं नाही. फक्त सरकून जागा देणं. लहानपणी उन्हाळ्यात चुलत बहिणींबरोबर एका गोधडीवर झोपलेल्या प्रत्येक मुलीला हे कळतं. नवीन कोणी आलं की झोपेतच आधीची भिंतीकडे सरकते, आणि सोडलेली जागा ऊबदार असते. हर्षाली त्या ऊबेत झोपायची. पहिल्यांदा ती दचकून उठली. खोलीत कोणी नव्हतं, खिडकीकडची अर्धी चादर चुरगळलेली होती. दुसऱ्यांदा ती उठली नाही. तिसऱ्यांदा तिने स्वतःच थोडं अंग चोरून घेतलं, म्हणजे दोघींना नीट झोपता यावं.

भीती वाटत होती का? वाटत होती. पण धुळ्याच्या खोलीत जी वाटायची तिच्यापेक्षा ही बरी होती. तिथे कोणी नव्हतं याची भीती होती. इथे कोणीतरी आहे याची. दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचं आणि पडून राहायचं.

शेवटी सांगितलं ते ओळीतल्याच एका मुलीने, नळावर कपडे धुताना, अगदी सहज. "तुझी हिंमत मानली पाहिजे. भाविकाच्या कॉटवर झोपायचं म्हणजे..." आणि हर्षालीचा चेहरा बघून ती बादली तशीच टाकून उठली.

हर्षाली ओल्या हातांनी खोलीत आली. "भाविका कोण?"

सारिका अभ्यास करत होती. तिने पुस्तक मिटलं. खोटं बोलायचं तिच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलंही.

"आमची तिसरी," ती म्हणाली. "गेल्या वर्षी वारली. डेंगी झाला. वरणगावची होती, वडील तिथल्या फॅक्टरीत. तापात त्यांनी घरी नेलं, तिथून दवाखान्यात. पंधरा दिवसांत सगळं संपलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

हर्षालीने ओले हात कुडत्याला पुसले. राहिलीच असती ती.

मग डिंपल रडायला लागली आणि उरलेलं तिने रडत रडत सांगितलं. गेल्या श्रावणात कानबाईची टूम भाविकानेच काढली होती. ज्यांच्या घरी कानबाई नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं की त्या सणाला रोट करतात, जाड पोळीसारखे, आणि त्याच्या पिठाचे गहू असेतसे घ्यायचे नसतात. आदल्या दिवशी परातीत गहू घेऊन घरातल्या एकेकाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि त्या नावाने सव्वा मूठ गहू वेगळे काढायचे. ज्याच्या नावाची मूठ निघाली तो घरचा. रोट घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला तुकडाही नाही, आणि त्या सणात संपवायचाच. पण कितीतरी घरांत ही मूठ फक्त पुरुषांच्या नावाने निघते. आजोबांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांची. मुली गहू निवडतात, दळतात, रोट भाजतात आणि खातात, पण त्यांच्या नावाची मूठ नसते, कारण त्या दुसऱ्याच्या घरच्या. भाविकाच्या घरी हेच. सारिकाच्या घरी हेच. हर्षालीच्याही घरी हेच होतं, आणि तिला त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं.

"ती म्हणाली, आपण आपल्या नावाच्या मुठी काढू," डिंपल म्हणाली. "हे आपलं घर. खूप हसलो आम्ही. काढल्या. दुसऱ्या दिवशी मेसच्या शेगडीवर रोट भाजले. आणि ती जेवायला बसणार तेवढ्यात तिचे वडील आले, ताप आहे कळलं म्हणून. ती उठून गेली. तिच्या वाटणीचा रोट राहिला."

"तो आम्ही दोघींनी खाऊन टाकायला हवा होता," सारिका म्हणाली. "घरचंच माणूस खाणार होतं, चाललं असतं. पण मी म्हटलं, तिच्या नावाचा आहे, ती येईल आणि खाईल. डब्यात घालून ठेवला. सण उलटला तरी ठेवला. ती आलीच नाही. आता ती न जेवता उठलेली आहे. ती इथेच असते. तुलाही माहीत आहे. मी बघते ना तुला दुपारी अंग चोरून झोपताना."

हर्षालीची नजर खिडकीखालच्या कॉटकडे गेली.

"परवा पुन्हा मुठी काढायच्या आहेत," सारिका सावकाश म्हणाली. "भाविकाच्या नावाची तू काढ. तिच्या जागी बसून तिचा रोट तू खा. एकदा ती पोटभर जेवली की..."

"की काय?"

"की तिला बरं वाटेल."

तिला जाऊ द्यायचं असं सारिकाने म्हटलं नाही, हे हर्षालीच्या कानाने टिपलं. तिने विचारलं, "आणि माझी मूठ?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या, जणू असा प्रश्न निघेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"खोलीत तीनच कॉट आहेत ना," डिंपल हळूच म्हणाली.

तेव्हा हर्षालीला सगळं लख्ख कळलं. वेण्या, फिका चहा, डाव्या हाताची जागा. तिला कोणी काही दिलंच नव्हतं. भाविकाचं होतं ते भाविकालाच चाललं होतं, ही फक्त मधली. तिला इतका राग आला की ट्रंक उचलून सरळ नव्या इमारतीत जावं असं वाटलं. पण तिथली बंद दारं तिला डोळ्यांपुढे दिसली, दोन-दोन कड्यांची. मग तिने राग गिळला. "काढते," ती म्हणाली. एक अख्खं वर्ष मुक्याने काढलेल्या मुलीला दुसऱ्याच्या नावाने का होईना, हाक हवी असते. तुम्ही-आम्ही तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

शनिवारी दुपारी सारिकाने खोली झाडून घेतली. ओळीतल्या बाकीच्या मुलींना आज बाहेर ठेवलं होतं, दाराबाहेर तीनच जोड होते. मधोमध पितळी परात, परातीत गहू. तिघी न्हाऊन भोवती बसल्या. हर्षालीच्या दोन वेण्या, खांद्यावर ती हिरवी ओढणी. सारिकाने आपलं नाव घेऊन आपली मूठ काढली, वर चिमूटभर सव्वाची. डिंपलने काढली. मग सारिकाने हर्षालीकडे बघून म्हटलं, "भाविका."

हर्षालीने गव्हात हात घातला. गहू गार होते. श्रावणातल्या दुपारी, तापल्या पत्र्याखाली, विहिरीच्या तळाशी असावेत तसे गार. तिने मूठ भरली, आणि त्याच वेळी दारात कोणीतरी म्हणालं, "तुम्ही आठे मूठ काढी ऱ्हायनात?"

दारात एक बाई उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, उन्हातून चालत आल्यामुळे चेहरा लाल. डिंपल उभी राहिली ती भिंतीलाच लागली.

"काकू," सारिका म्हणाली.

भाविकाची आई, वच्छलाबाई. मूळची अमळनेर तालुक्यातली, नवऱ्याच्या नोकरीपायी जन्म वरणगावात गेला, पण बोली सुटली नव्हती. त्या आत आल्या आणि परातीशी खाली बसल्या. हर्षालीच्या वेण्या त्यांनी पाहिल्या, ओढणी पाहिली. एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते कोणाच्याही आईच्या चेहऱ्यावर येऊ नये. मग त्यांनी ते आवरलं.

"तिनं नाव लिधं ना आते?" त्यांनी विचारलं. "ऐकं मी."

सारिकाने मान खाली घातली.

"आमना घरमा पोरीसनी मूठ काढतस नई," वच्छलाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. रडणंही त्यात नव्हतं, ते बहुधा वर्षभरात संपलं होतं. "धल्लापासून पाळणामधला पोऱ्यापर्यंत बठ्ठा माणसेसनी काढतस. मना दोन्ही पोऱ्यासनी काढी, तिनी कधीच नई. तिनं नाव पहिलांदाव निंघनं ते आठे, तुमना परातमा. तापमा तिनीच माले सांगं. जठे नाव निंघनं, तेच तिनं घर. म्हनीसन ती आठेच ऱ्हायनी. वरीसभर वाट दखी मी. सपनमा बी उनी नई. मरेल माणूस आपला घरना उंबरठावर एकदा तरी येस. ती उनी नई."

सारिका मुसमुसायला लागली. "आम्ही तिला नीट ठेवलंय, काकू."

"माले म्हाईत शे, बेटा. तुम्ही ठेवी, मी ठेवी नई." त्यांनी सारिकाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "औंदा मी घरमा भांडनू. म्हनं, तिनी मूठ काढसू, मंगच चूल पेटाडसू. धनी काही बोलना नई. पण आठे बी तिनं नाव निंघनं, तर ती घर कसाले येई? मी तिले लेवाले उनू शे. ती मूठ माले द्या."

आणि त्यांनी हर्षालीपुढे पदर पसरला.

द्यायची होती, एवढंच. मूठ पदरावर न्यायची आणि उघडायची. हर्षालीने हात पुढे नेला. मूठ उघडेना.

तिने जोर केला. बोटं मिटलेलीच राहिली, इतकी घट्ट की नखं तळव्यात रुतली आणि गव्हाचे दाणे हाडांना टोचायला लागले. हाताभोवती गारवा होता, दुसरी बोटं वरून आवळावीत तसा. तिच्या कानाशी, अगदी जवळ, कोणीतरी श्वास रोखून धरला होता. मला नको नेऊस, असं कोणी म्हणालं नाही. पण न म्हणताही कळायचं ते कळतंच. जिथे पहिल्यांदा नाव निघालं तिथून कोणाला जावंसं वाटेल?

आणि खरं सांगायचं तर ती एकटीच आवळून धरत नव्हती. हर्षालीला स्वतःचं मन दिसत होतं आणि त्याची लाज वाटत होती. ही मूठ गेली की वेणी गेली, जागा गेली, हाक गेली. भाविका गेली की या खोलीत हर्षालीचं काय काम? दोघी मिळून एक मूठ धरून बसल्या होत्या, एक जिवंत, एक मेलेली, आणि दोघींनाही सुटायचं नव्हतं.

वच्छलाबाईंनी ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. ओढली नाही. थंडीत आलेल्या मुलाचे हात आई चोळते तशी चोळत राहिल्या.

"तुनं नाव काय शे, बेटा?" त्यांनी हर्षालीला विचारलं.

या खोलीत ते कोणी विचारलं नव्हतं. हर्षालीला तोंड उघडायला वेळ लागला. धुळ्यातल्यासारखा आवाज आत कुठेतरी गंजून बसला होता.

"हर्षाली."

"हर्षाली," वच्छलाबाई म्हणाल्या. "चांगलं शे. मंग ही मूठ तुनी नई. मनी आंडेरनी शे, मनी पोरनी. उघाड."

बोटं सुटली, एकेक करून, करंगळीपासून. गहू पदरात पडले. तळव्यावर दाण्यांचे खड्डे उमटले होते.

वच्छलाबाईंनी पदराची गाठ मारली. पाणीही न घेता त्या उठल्या, आणि दाराशी जाऊन थांबल्या. मागे वळल्या त्या तिघींकडे नव्हे, खिडकीखालच्या कॉटकडे. डावा हात त्यांनी थोडा लांब धरला, बाजारात लहान मुलीसाठी धरतात तसा.

"चाल बेटा," त्या म्हणाल्या. "गाडीनी येळ व्हयनी."

त्या ओसरीतून निघाल्या. तिघी दारात उभ्या राहून बघत होत्या. वच्छलाबाई सावलीतून नाही, उन्हातून चालल्या होत्या. ओसरीला लागून सावलीचा अरुंद पट्टा होता, तो त्यांनी आपल्या डाव्या बाजूला सोडला होता. फाटकातून बाहेर पडताना त्या अंग चोरून एका बाजूने गेल्या, जसं बरोबर कोणी असलं की जातात. डिंपलने तोंडात ओढणी कोंबली. सारिका उंबऱ्यातच खाली बसली आणि मोठमोठ्याने रडली, वर्षापूर्वी रडायचं राहिलं होतं ते.

खोली एकदम मोठी वाटायला लागली. गरम हवा सगळीकडे सारखी पसरली.

बऱ्याच वेळाने सारिका परातीशी येऊन बसली. तिने डोळे पुसले आणि समोर बसलेल्या मुलीकडे बघितलं. बघतच राहिली. त्या नजरेत ओळख नव्हती. राग नव्हता, माया नव्हती, काहीच नव्हतं. एसटीत शेजारी येऊन बसलेल्या बाईकडे बघावं तसं ती बघत होती. हर्षालीला वाटलं होतं की फार तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होईल. सुरुवात ही अशी दिसते, हे तिला माहीत नव्हतं. तिने ओढणी काढून घडी करून बाजूला ठेवली.

"तुला काढायची आहे का?" सारिकाने विचारलं. "तुझी?"

डिंपलने मान वर केली. दोघी वाट बघत होत्या. नको म्हटलं असतं तरी त्यांनी काही म्हटलं नसतं. तिने खाली परातीकडे बघितलं, आणि वच्छलाबाईंचं बोलणं तिला आठवलं. जिथे नाव निघतं तिथे माणूस राहतं. मग इथे, या पत्र्याखाली, दोन परक्या मुलींच्या परातीत नाव काढायचं म्हणजे काय, हे तिला आता पुरतं माहीत होतं. या दोघी परीक्षा देऊन आपापल्या वाटेने जातील. खोलीत दुसऱ्या येतील. आणि हिला कधी न्यायची वेळ आली तर कोण येणार होतं?

तिने फोन उचलला आणि घरी लावला. आजच शनिवार. घरीही याच वेळी परात बसलेली असणार.

मागे बायकांचा गोंगाट होता, भांड्यांचा आवाज होता. "काय व?" आई म्हणाली.

"माय, मुठी काढ्यात का?"

"काढी ऱ्हायनू. काबरं?"

"मनी बी काढ ना औंदा. एक. मनं नाव लई."

आई हसली. प्रेमाने हसली, त्यात कुजकं काही नव्हतं. "येडी शे का तू? पोरीसनी काढतस का कधी? स्वप्नीलनी काढी, तुना आबानी काढी, काकासनी काढी. तुनी तुना घर गयी का तठे..." मग तिला मुलीचं गप्प बसणं ऐकू आलं असावं. "काय व्हयनं? बरं नई का? तू जेवली का, बेटा?"

"जेवसू," हर्षाली म्हणाली. "ठेव तू. कामे शेतस तुले."

तिने फोन पालथा ठेवला. सारिका आणि डिंपलला ऐकू गेलं होतं, आणि त्यांच्याही आया आत्ता परातीशी बसलेल्या होत्या. सारिकाने परात तिच्याकडे सरकवली, पण नाव घेतलं नाही. ते तिचं तिनेच घ्यायचं होतं.

हर्षालीने मनगटापर्यंत गव्हात हात घातला, मूठ भरली, आणि आपलं नाव घेतलं. मोठ्याने घेतलं, कधी कोणी न्यायला आलंच तर फाटकापर्यंत ऐकू जावं इतकं मोठ्याने.